परुळेकर बाईंचं काचेचं कपाट

आम्ही बाईंना प्रयोगाचं सामान दिलं, आणि त्याला हात लावू दिला नाही.

परुळेकर बाई आज सकाळी वारल्या. मुलुंडला, लेकीकडे.

भांडुपच्या आमच्या शाळेत त्या सहावी-सातवीला विज्ञान शिकवायच्या. ऐंशीचं दशक. गिरणी संप होऊन गेलेला, चाळीतल्या निम्म्या घरांत बाप घरी बसलेले. शाळेत प्रॅक्टिकल म्हणजे फळ्यावरची आकृती. परीक्षानळी खडूची, खालची ज्योतही खडूची.

बाई वैतागायच्या. "पोहायला काय फळ्यावर शिकवतात?"

एका वर्षी गणपतीच्या मीटिंगला त्या थेट आमच्या चाळीत आल्या. मंडळाचे अध्यक्ष माझे वडील, तात्या. आधी मिलमध्ये मागावर होते, संपानंतर एका वर्कशॉपमध्ये मिळेल ते काम करायचे.

बाई म्हणाल्या, "यंदा देखावा छोटा करा. उरलेल्या वर्गणीत पोरांना हातात धरायला चार वस्तू द्या."

तात्याच म्हणाले, "बुद्धीचो देव तो. तेका चलात."

त्या वर्षी आमचा गणपती साध्या पडद्यापुढे बसला. बाजूच्या चाळीतले हसले. आम्ही पोरं मात्र भलत्याच तोऱ्यात होतो.

सामान आलं. मायक्रोस्कोप, लोहचुंबक, भिंगं, परीक्षानळ्या.

आणि ते ठेवायला काचेचं कपाट, वर लाल ऑइलपेंटमध्ये मंडळाचं नाव. त्या कपाटासाठी तात्यांनी दुकानं पालथी घातली होती.

नारळ फुटला. मायक्रोस्कोपला हळदकुंकू लागलं, हार पडला. मग हेडसरांनी कुलूप लावलं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी भांडून ते उघडवून घेतलं. मी कांद्याचा पापुद्रा पाहिला. विटा रचल्यासारखी घरं, एकाला एक लागून. अंगावर काटा आला माझ्या.

मागे रांग होती. ढकलाढकली झाली आणि एक परीक्षानळी फुटली.

एकच.

बातमी माझ्या आधी चाळीत पोचली. दुसऱ्या दिवशी तात्या शाळेत हजर. "पोरां सगळां फोडतली, बाई. कपाटातच ऱ्हवांदे."

हेडसरांना तेच हवं होतं.

बाई भडकल्या. "अहो, वापरलं की फुटणारच! मिलमधला माग तुम्ही दसऱ्याला पूजा करून बंद ठेवायचात का?"

मी दारातच उभी होते. तात्या खाली बघत म्हणाले, "तो मालकाचो होतो, बाई. ह्यां आमचां आसा."

बाई वळून वर्गात गेल्या.

त्यानंतर कपाट उघडायचं ते फक्त दसऱ्याला. सामान पुसायचं, झेंडूची फुलं वाहायची, पुन्हा कुलूप. तात्या त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून जायचे. एवढा अभिमान, यार. राग तरी कुणावर काढायचा?

पण येतो राग. बाई घरून आरसा, लिंबू, सायकलचा दिवा घेऊन यायच्या आणि भरल्या कपाटाकडे पाठ करून शिकवायच्या. कुणाशी पुन्हा भांडल्या नाहीत. ते मला जास्त लागतं.

गेल्या दिवाळीत त्यांना भेटायला गेले होते. फराळाची ताटली पुढे सरकवत त्यांनी विचारलं, "तुमच्या वर्गातलं कुणी सायन्सला गेलं का गं?"

"नाही बाई. बहुतेक सगळे कॉमर्सला."

माझा हात थोपटत त्या म्हणाल्या, "नोकऱ्या लागल्या ना सगळ्यांना? मग झालं तर."

झालं नव्हतं, बाई. तुम्हालाही माहीत होतं, मलाही.

आमच्या हातून खूप काही फुटायला हवं होतं. राहून गेलं.

शेवटचा नमस्कार, बाई.