इंजिनावरचा आळ

शिलाई मशीनं दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली मशीनताई म्हणायची. तीस वर्षांत तिच्या दुकानातून एकही मशीन रडत परत गेलं नव्हतं. पण कपाळी एक आळ चिकटला होता, तो काही निघत नव्हता. दादाचं विजेवर चालणारं खेळण्यातलं इंजिन तिनं आठव्या वर्षी तेल पाजून मारलं, असं तो जन्मभर चारचौघांत सांगत आला. तेल पाजलं होतं हे खरंच, म्हणून ती मुकाट ऐकून घ्यायची.

पन्नास वर्षांनी वहिनीनं माळा झाडला आणि जुन्या हिरव्या मफलरात गुंडाळलेलं ते इंजिन निघालं. दादानं ते रुळांसकट दुकानात आणून आदळलं; मागोमाग वहिनी मफलर घेऊन आली.

"घे, तुझा प्रताप. नाही चाललं तर आजच भंगारात."

"आणि चाललं तर?"

"तर तुझ्या पाया पडेन."

"वहिनी, ऐकलंत ना?"

"ऐकलं. चटई घालून ठेवते, यांचे गुडघे दुखतात."

मशीनताईनं टेबलावर रूळ गोल जोडले आणि इंजिन खोललं. मोटरच्या तांब्याच्या कड्यावर जुनं तेल डांबरासारखं बसलेलं. तिनं ते काडीनं खरवडलं, स्पिरिटनं पुसलं. त्या कड्याला घासून वीज पोचवणारे आतले दोन कार्बन झिजून तांदळाएवढे उरले होते. शिलाई मशीनच्या मोटरचे कार्बन घासून बारीक केले, बसवले. सुटी मोटर भिंगरीसारखी फिरली. पण चाकांना जोडली, तर नुसती गुरगुर आणि जळका वास. तिनं झटकन वीज तोडली.

"बघ! तेलानंच गेलंय," दादा खूश होऊन म्हणाला.

तिचं तोंड एवढंसं झालं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. मशीन अडलं की आधी धागा बघा, हे ती प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायची. आणि आज सकाळपासून आपल्या तेलापलीकडे तिनं काही बघितलंच नव्हतं!

इंजिन उताणं केलं. चाकामागं, दातेरी चक्राच्या बुडाशी सुई घातली. काहीतरी हिरवं दिसलं. चिमट्यानं ओढलं तर लोकर निघाली. वीतभर, मग हातभर, निघतेच आहे. वहिनीनं मफलर उलगडला. एक टोक पार उसवलेलं.

"गुंडाळून ठेवल्यामुळं गुंतली असेल," दादा पुटपुटला.

"असे घट्ट वेढे पळत्या इंजिनालाच बसतात, दादा."

दादा खिडकीबाहेर बघायला लागला. "बोगदा केला होता मी. मफलराचा."

"कधी?"

"तू तेल घातलंस, त्याच संध्याकाळी."

"म्हणजे तेलानंतर चालत होतं?"

"चालत होतं की. चांगलं सुसाट पळत होतं."

वहिनीनं कपाळावर हात मारला. मशीनताईनं इंजिन रुळांवर ठेवून वीज सोडली. इंजिनाला एक हिसका बसला आणि ते निघालं. वळण घेतलं, पहिला फेरा, दुसरा, तिसरा. समोरचा चांभार नि त्याची गिऱ्हाइकं दारात येऊन उभी राहिली, त्या सगळ्यांदेखत दादा चटईवर वाकला. गुडघे कटकन वाजले.

"थांब दादा," मशीनताई तेलाची कुपी उचलत म्हणाली, "आधी त्या गुडघ्यांत दोन थेंब घालते."