भावाने लिहून दिलं, हिला कुणी नाही

"ट्यूबरक्युलोसिस," डॉक्टरीणबाईंनी थुंकीच्या तपासणीचा कागद समोर ठेवला. "म्हणजे फुफ्फुसांचा क्षय. सहा महिने गोळ्या, एकही चुकवायची नाही. पूर्ण बरा होतो."

महिनाभराचा खोकला मी कपड्यांच्या धुळीवर ढकलला होता. दिल्लीत सरोजिनी नगरच्या बाजारात मी कुर्त्या विकते. तुमचा खोकला दोन आठवड्यांत थांबला नाही, रोज संध्याकाळी कणकण येऊ लागली, ब्लाउज सैल झाला, तर धुळीला दोष देऊ नका. थुंकी तपासून घ्या.

नवरा फौजेत होता. तो गेल्यावर गावी परतले नाही. जमिनीवर चादर पसरून धंदा सुरू केला, धाकट्या भावाला, सुहासला, इंजिनियर केलं. गेल्या वर्षी तो म्हणाला, "ताई, खोली सोड. गुरुग्रामला आमच्याकडे ये." गिऱ्हाईकाला एक पैसा न सोडणारी मी, भावाच्या शब्दावर भाड्याची खोली सोडून त्याच्या घरी राहायला गेले.

आजार कळला त्या दिवशी मी एक्स-रेच्या रांगेत होते, म्हणून दवाखान्याचा फॉर्म सुहासने भरला. चार दिवस वॉर्डात ठेवलं. मग तो म्हणाला, "माझी ईरा चार वर्षांची आहे, ताई. दोन आठवडे सरकारी जागेत राहा, मग मी न्यायला येतो." मला पटलं. पोरीला जपायलाच हवं होतं.

सरकारी जागा म्हणजे रैन बसेरा, बेघरांचा निवारा. त्यातली एक खोली आजारी बायकांसाठी. पहिल्या दिवशी मी खिडकीजवळच्या खाटेसाठी भांडले आणि ती मिळवली. गोळ्यांनी लघवी केशरी झाली तेव्हा घाबरून ओरडले. देखरेखीला असलेली मुन्नी हसली. "आंटी, दवाई का रंग है. चिल्लाने से पीला नहीं होगा."

रोज सकाळी ती पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी राहायची. मी तिला शिव्या घालायची. ती म्हणायची, "गुस्सा बाद में, गोली पहले."

तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं. औषध लागू पडलं होतं, आता माझ्यापासून संसर्गाचा धोका फारसा उरला नव्हता. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं, तुमच्या घरात कुणी नाही. नाहीतर सगळ्यांची तपासणी करावी लागली असती. पाच वर्षांखालच्या मुलांना तर हा आजार फार पटकन जडतो."

मी सुहासने भरलेला फॉर्म मागितला. 'नातेवाईक: कोणी नाही. राहण्याचं ठिकाण: रस्ता.' खाली सुहासची सही. पुढे लिहिलं होतं, 'ओळखीचा'.

ईरा माझ्याजवळ झोपायची. तिला कुणीच तपासलं नव्हतं.

फॉर्मवर खोटं होतं म्हणूनच मला इथे खाट मिळाली होती. खरं सांगितलं असतं तर ती गेली असती, आणि जायला दुसरी जागा नव्हती. आयुष्यभर घासाघीस केली, पण इथे कुठे आणि कशी करणार? मी बाईंना सुहासचं नाव, पत्ता, ईराचं वय, सगळं सांगून टाकलं.

मुन्नीने माझ्यासमोरच त्याला फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. "भैया, आपकी दीदी ठीक हो रही हैं. घर ले जाइए."

"मैडम, उनको वहीं रहने दीजिए," सुहास अगदी गोड आवाजात म्हणाला. "हमारी सोसायटी में प्रॉब्लम हो जाएगी."

"सुहास, मी ऐकतेय," मी म्हणाले.

फोन कटला.

मुन्नीने माझ्याकडे न बघता रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, 'परिवार है. ले जाने से इनकार.' म्हणाली, "इतना काफी है. खाट आपकी. अब रोना हो तो रो लो, चाय आ रही है." मी रडले नाही. चहात साखर कमी आहे म्हणून भांडले.

आठवड्याभरात आरोग्यसेविका गुरुग्रामला जाऊन आली. ईराला आजार नव्हता. पुढे होऊ नये म्हणून तिला औषध सुरू केलं. त्या संध्याकाळी सुहासचा फोन आला. मला वाटलं, माफी मागेल.

"ताई, गेटवर रजिस्टरमध्ये टीबी लिहून ती बाई वर आली. आता लिफ्टमध्ये लोक आमच्यासोबत चढत नाहीत. काय मिळवलंस?"

"ईरा औषध घेते का?"

"घेते."

"मग ठेव फोन."

सहा महिने पुरे झाले. शेवटची थुंकी स्वच्छ आली. बाजाराजवळ पुन्हा एक लहान खोली घेतली आहे, दम लागला तर बसून कुर्त्या विकते. मुन्नीसाठी एक हिरवी कुर्ती बाजूला ठेवली होती. ती फुकट घेईना, मी पैसे घेईना, भर बाजारात आमचं भांडण झालं. शेवटी घेऊन गेली.

तुमच्यावर ही वेळ आली तर बेघरांच्या निवाऱ्यात जायला लाजू नका. मला तिथे श्वास परत मिळाला. फक्त फॉर्म स्वतः भरा, आणि तुमच्या श्वासाजवळ कोण कोण झोपलं होतं, त्यांची नावं आधी लिहा. त्यांनी तुमचं नाव खोडलं असलं, तरीही.