एडिथने उसवलेली भिंत

स्वेलडेलच्या खोऱ्यात, ओढ्याच्या वरच्या अंगाला कीअर्टनांचं घर तीनशे वर्षं उभं होतं. एकाच लांब दगडी छपराखाली अर्ध्यात माणसं, अर्ध्यात गाई. त्या वर्षी थंडी ओसरली आणि उत्तरेच्या भिंतीला पोट आलेलं दिसलं.

जमीनमालकाचे कारभारी प्रिंगल यांनी भिंत किती कलली ते पाहायला ओळंबा सोडला, मान हलवली आणि घर पाडावं लागेल असं सांगितलं. खाली रस्त्याकडेला विटांचं नवं घर बांधून मिळणार होतं. कोरडं, उबदार घर जॉस कीअर्टनला नको होतं असं नाही.

त्याची बायको एडिथ मात्र भिंतीला हात लावून उभी होती. तिचे वडील गवंडी. चौपन्न वर्षांची झाली तरी दगड पाहिला की तो कोणत्या अंगावर बसेल, हे तिला आधी दिसायचं. भिंत उतरवून पुन्हा रचायला तिने ऑक्टोबरपर्यंत मुदत मागितली.

"बाई, स्वेटर उसवून पुन्हा विणता येतो. भिंत नाही," प्रिंगल म्हणाले.

"येते, साहेब. फक्त वरून उसवायला लागते."

भिंतीचं दुखणं तिने दोन दिवसांत शोधलं. सासऱ्यांनी दगडांमधल्या दरजांमध्ये सिमेंट भरलं होतं. आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट उरली नव्हती; ते गोठलं आणि भिंत फुगली. शिवाय कुणीतरी खिडकी रुंद करताना भिंतीचे आतला-बाहेरचा असे दोन्ही पदर बांधून धरणारे लांब, आरपार दगडच काढून टाकले होते.

मे महिन्यात तिने छपराच्या तुळयांना ओकच्या लाकडाचे टेकू दिले आणि भिंत उतरवायला घेतली. प्रत्येक दगडावर खडूने आकडा. शेजारचा वॉल्टर आल्डरसन रोज कुंपणावरून चिडवायचा, छप्पर कोसळायच्या आधी हाक मार, टोपी घालून येतो म्हणायचा. तरी डोंगरावरच्या पडक्या मेंढवाड्यातले सात आरपार दगड त्याच्याच घोड्याने ओढून आणले. सिमेंटऐवजी तिने चुना मळला. गवत कापणीच्या दिवसांत पहाटे भिंत, दुपारी शेत. बोटांची कातडी चुन्याने सोलली, तेव्हा जॉसने तिच्या हातातलं घमेलं घेतलं. त्या दिवसापासून चुना त्याने मळला आणि थर तिने लावले.

सप्टेंबरच्या शेवटी टेकू काढले. तुळया करकरल्या, भार भिंतीवर बसला आणि सगळं शांत झालं. वॉल्टरने टोपी काढली.

प्रिंगलनी तीन जागी ओळंबा सोडला. दोरी आणि दगड यांच्यात वरपासून खालपर्यंत सारखंच अंतर होतं.

"गवंडी कुठला आणलात?" त्यांनी विचारलं.

"घरचीच आहे," जॉस म्हणाला. लग्नानंतर इतक्या अभिमानाने तो कधी बोलला नव्हता.

प्रिंगलनी घर पाडायचा कागद फाडला नाही, पण घडी करून खिशात घातला. मग जरा घुटमळत म्हणाले, "खोऱ्याच्या टोकाला आणखी एक घर आहे. सोमवारी बघायला याल?"

"सोमवारी कपडे धुवायचे असतात," एडिथ म्हणाली. "मंगळवारी येते."

मंगळवारी ती गेली. पुढच्या चौदा वर्षांत तिने नऊ घरं वाचवली, आणि शेवटच्या घराच्या शिडीवर ती स्वतः चढली, अडुसष्टाव्या वर्षी, गुडघ्यांना शिव्या घालत.