शालूच्या अंगणातली पाण्याची कॅन

गावची उपासना आटोपून नागपूरला परत येताना गाडीत कुणी भजन म्हणत नाही. आम्ही बाया किस्सेच सांगत बसतो. ते आता इतके साचले आहेत की पाळकसाहेब म्हणतात, "रत्नाबाई, तुम्ही साक्ष द्यायला उभ्या राहिल्या की मला भीती वाटते." वाटू द्या. मी चौथी शिकलेली बाई, पाहिलं तेच सांगते.

महिन्यातल्या एका रविवारी आमची हुडकेश्वरच्या चर्चची मंडळी भाड्याची गाडी करून कळमेश्वरच्या पुढे एका गावात जाते. तिथे शालू नावाची एक विधवा आहे, तिच्या अंगणात उपासना होते. अंगण तसं तिचं नाही, सासूचं. सासू आमच्यात बसत नाही, खाटेवरून बघते. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, "देव तुमचा, अंगण माहं. काय करायचं ते करा. पण माह्या घराचा अपमान झाला, तं त्याच दिवशी ही बसायची दरी उचला."

शालूचा चेहरा उतरला. गावात दुसरं कुणी जागा द्यायला तयार नव्हतं.

मी म्हटलं, "मावशी, आमी काहून अपमान करू? आमी तं पाण्याची कॅनबी घरूनच आणली. शालूले त्रास नको."

म्हातारीने कॅनकडे पाहिलं अन् तोंड फिरवलं. मला वाटलं, खुश झाली.

*

साहेब म्हणाले, "डोळे मिटा, प्रार्थना करू." आम्ही मिटले. साहेबांची प्रार्थना लांबलचक असते. आमेन म्हणून डोळे उघडते तर काय, साहेबांसाठी आणलेला झेंडूचा हार बकरीच्या तोंडात. नुसता दोरा लोंबत होता! गावातल्या एकाही माणसाने डोळे मिटले नव्हते. सगळे शांतपणे बघत बसले होते.

"मावशी, सांगायचं नाही काय?" मी ओरडले.

"कसं सांगू? तुमी देवाशी बोलून राहिल्या होत्या."

*

एकदा साहेबांनी विचारलं, "कुणाची काही प्रार्थना विनंती?"

शालूचा शेजारी डोमाजी हात जोडून उभा राहिला. "माह्या साळ्याच्या बोरचं पाणी आटू दे."

मी तर दरीवरून उठलेच. साहेब म्हणाले, "डोमाजी, आपण वैऱ्यावरसुद्धा प्रीती करावी."

"वैऱ्याचं मी कुठं काही म्हटलं, साहेब? साळा घरचाच हाय."

खाटेवर म्हातारी पदरात तोंड खुपसून हसत होती. शालू माझ्या कानात म्हणाली, "काकू, आता अंगण पक्कं."

*

पण नाताळाच्या आधीची गोष्ट ऐका. म्हातारीने स्वतः चहा करून पाठवला. आजवर कधी पाठवला नव्हता. साहेबांना गावच्या पाण्याची धास्ती, लगेच पोट बिघडतं म्हणतात. कपाला हात न लावता म्हणाले, "मी चहा सोडला."

परत येताना कळमेश्वरच्या टपरीवर गाडी थांबली. साहेबांनी एक चहा घेतला, दुसरा घेतला. तेवढ्यात मागून आवाज आला, "सोडला होता ना, साहेब?"

डोमाजी! सायकलला टेकून उभा.

साहेब म्हणाले, "आताच परत धरला."

गाडीत सगळ्या हसल्या. मी हसले नाही. डोमाजी सायकलवरून सरळ म्हातारीच्याच दारात जाणार होता.

*

मागच्या महिन्यात ऊन मरणाचं होतं. साहेबांनी विहिरीवरच्या बाईची गोष्ट घेतली. प्रभू थकून विहिरीपाशी बसला आणि जिच्या हातचं कुणी घेत नाही, अशा बाईला म्हणाला, मला पाणी दे. साहेब रंगात आले. देवाने मागितलं, देवाने मागितलं, असं म्हणता म्हणता त्यांचा घसा सुकला. त्यांनी आमच्या कॅनमधून भरलेली बाटली उघडली आणि घटाघटा प्याले.

शालू पाण्याने भरलेला पितळी गुंड घेऊन बाजूलाच उभी होती. ती दरवेळी उभी असते.

म्हातारी खाटेवरून उठली. "देवानं मांगलं. तुमी काहून नाही मांगत?"

म्हातारीने दरीचं टोक धरलं. "उठा. झालं तुमचं."

बाया उठल्या. दरी गुंडाळली गेली. शालू भरला गुंड घेऊन तशीच उभी.

माझं डोकं फिरलं. मी कॅन उचलली आणि बकरीच्या घमेल्यात पुरी रिकामी केली. "साहेब, आता मांगा. नाही तं नागपूरपर्यंत तहानलेले चाला."

साहेब पांढरेफटक पडले. मग पुढे आले, म्हातारीसमोर गुडघे टेकले, खाली वाकले आणि दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली. "आजी, पाणी द्या."

शालू गुंड कलता करणार, तोच म्हातारीने तिचं मनगट धरलं.

"ओंजळ सोड गा," ती साहेबांना म्हणाली. "विहिरीवर आमाले असंच वरून पाजत होते लोक. शालू, गिलास आण वं. अन् दरी टाक."