गुरम्मीचे डोळे

पार्वतम्मा पहिल्यांदा माझ्या दुकानात आल्या त्या दोन हजार सोळाच्या एप्रिलमध्ये. लातूरला तेव्हा रेल्वेनं पाणी येत होतं. लातूरचा जिल्हा झाला त्या वर्षी मी हे दुकान टाकलं. वह्या, रंग, लोकर, मणी असला माल. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाशी कामापुरतंच बोलत आलो, आणि लिहिलं ते फक्त मालाच्या यादीपुरतं. पण पार्वतम्मांचं लिहून ठेवावं असं वाटतं, कारण त्यात माझी एक चूक आहे.

त्या शिरूर अनंतपाळच्या. पंचावन्नच्या आसपास वय, कपाळावर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. गावातल्या बालवाडीत मदतनीस होत्या. नवरा गेल्यावर माहेरी परतल्या आणि म्हाताऱ्या चुलत्याला, ईश्वरप्पांना, सांभाळून होत्या.

"अण्णा, ते इस्त्रीचे मणी हायेत का? लेकरं खुंट्यांवर लावतेत आन् वरनं इस्त्री फिरवतेत, ते?"

मी बारीक खुंट्यांच्या प्लास्टिकच्या पाट्या काढून दाखवल्या. गोल, चांदणीची, बदामाची. लेकरांना बदामाची आवडते, असंही सांगितलं. त्यांनी ती बाजूला सारली आणि साधी चौकोनी पाटी उचलून खुंट्यांवरून बोट फिरवलं.

"ही तर ठिपक्यांची रांगोळी. लेकरांचं राहू द्या, ही मलाच पाहिजे. सडा टाकायला पाणी न्हाई, आन् कोरड्या अंगणात रांगोळी बसत न्हाई. काढली की वारं घेऊन जातंय. चार महिने झाले, हात नुसते शिवशिवून राहिले."

मी समजावून सांगितलं. मणी दोन मापांचे येतात. बारीक घेतले तर चिमटा लागतो आणि डोळे फुटायची वेळ येते, म्हणून मोठे घ्यावेत. मोठ्या मण्यांना मोठ्या खुंट्यांचीच पाटी लागते. वर कागद ठेवल्याशिवाय इस्त्री लावायची नाही. इस्त्री मध्यम ठेवायची, मणी वितळून एकमेकांना चिकटेपर्यंत गोल फिरवायची, दाबायची नाही. झाल्यावर जड वस्तूखाली थंड होऊ द्यायचं, नाहीतर कडा वाकतात.

"माझं लग्न लावताना स्वामींनी बी एवढे नियम सांगितले नव्हते," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. पिशवीत कमळं होती, वेली होत्या, सगळ्या रांगोळीच्या मापानं बसवलेल्या. "इस्त्री केली की पुसत न्हाई, हे लई झालं," म्हणाल्या. मग जरा थांबून, "चार पाट्या एकमेकीला जोडता येतील का? चेहरा करायचाय."

"येतील की. पारदर्शक घ्या. खाली फोटो ठेवायचा आणि वर मणी लावत जायचं. फोटो घेऊन या, रंग काढून देतो."

"फोटो असता तर मणी कशाला लागले असते, अण्णा?"

मग त्यांनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात गावातला आड आटला होता. तळाच्या झऱ्यात ओंजळभर पाणी साचायचं. हलक्या लेकराला कमरेला दोर बांधून खाली सोडायचे, ते वाटीनं घागर भरायचं. पार्वतम्मांची बहीण गुरम्मी आठ वर्षांची होती. वर दोर धरायला पार्वतम्मा, अकरा वर्षांच्या. दोर हातातून सुटला.

"तिचा चेहरा आठवतो, पण मेल्यावरचा," त्या म्हणाल्या. आम्हा लिंगायतांत मृताला बसवून ठेवतात, कपाळभर विभूती लावतात आणि बसवूनच पुरतात. अकरा वर्षांच्या पोरीनं दिवसभर समोर बसलेली, मिटल्या डोळ्यांची बहीण पाहिली. तोच चेहरा उरला. "खाली जाताना तिनं एकदा वर बघितलं होतं. ते डोळेच आठवत न्हाईत. रागानं बघितलं का भेऊन, एवढं कळलं पाहिजे मला. काका म्हणतेत, रागानं. दारात आलेल्या परक्या माणसाला बी सांगतेत, हिच्या हातनं दोर सुटला म्हणून."

 मी चार पारदर्शक पाट्या, गव्हाळ रंगाच्या तीन छटा, पांढरे मणी आणि बरणीतून मोजून काळे दिले.

मे महिन्यात त्यांनी चेहरा आणला. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. फडकं सोडलं तसा मी मागं सरकलो. लहान मुलीचा चेहरा, कपाळावर विभूतीच्या तीन पांढऱ्या ओळी, चापून बसवलेले केस, आणि डोळे मिटलेले. पापण्यांच्या जागी दोन जाड काळ्या रेषा.

"मी उघडे लावले होते," पार्वतम्मा हळू आवाजात म्हणाल्या. "पांढरा आन् मधी काळा. इस्त्री करून कागद उचलला तर मिटलेले."

पिशवीत आणखी एक होता. तोही तसाच. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले तेव्हा दुकानातल्या एका बाईनं पोराचा हात धरून बाहेरची वाट धरली.

"तिला माझ्याकडं बघायचंच न्हाई, अण्णा. आता तिसऱ्यांदा करते. परत मिटले तर काका म्हणतेत तेच खरं धरीन." आणि त्या माझ्याच बरणीतले काळे मणी घेऊन गेल्या.

त्यांची बस सुटून गेल्यावर माझ्या मनात शंका आली. मी एक पाटी घेतली, एक डोळा लावला, दुकानातली इस्त्री फिरवली आणि कागद वर करून करून बघत राहिलो. पांढरे मणी अजून गोल होते, त्यांची भोकं शाबूत होती. काळे मात्र पातळ झाले होते आणि शेजारच्या पांढऱ्यांवर सरकत होते. भर दुपारी, गल्ल्याशेजारी, एक डोळा हळूहळू मिटताना मी पाहिला. कारण माहीत असूनही मला इस्त्री खाली ठेवावीशी वाटली.

चूक अशी होती. फेब्रुवारीत चांगले काळे मणी संपले, तेव्हा नांदेडहून आलेले सुटे काळे मी त्याच बरणीत ओतले. त्यांचं प्लास्टिक वेगळं, लवकर वितळणारं. केसांत ते कळून आलं नाही. डोळ्यांत कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं इस्त्री पिशवीत घालून नांदेडला गेलो. ठोक व्यापारी शेषेराव हसायलाच लागले.

"वीरण्णा, इस्त्री आणली, कपडे घरी विसरलात का?"

"काळे मणी तपासून घ्यायचे आहेत."

"चाळीस पैशाच्या मण्याची परीक्षा! लग्नाला पोरगी बघताना तरी एवढं बघितलं होतं का?"

पाचव्या पाकिटातले मणी पांढऱ्यांच्या बरोबरीनं वितळले. तेवढे घेऊन लातूरला परतलो आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी शिरूरला पोचलो, तेव्हा दुपारचा एक वाजला होता. टँकर यायच्या जागी घागरींची लांब रांग होती, माणूस एकही नव्हतं. उन्हात नुसत्या घागरी, तोंडं वर करून उभ्या.

घराच्या ओसरीत खाटेवर ईश्वरप्पा पडले होते. मी नाव सांगायच्या आतच म्हणाले, "हिच्या हातनं दोर सुटला, ठाऊक हाय ना?"

आत चारही पाट्या मांडून झाल्या होत्या. वीज गेली होती म्हणून इस्त्री राहिली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. बरणीचं, सुट्या मण्यांचं, आणि तुम्ही गेल्यावरच कळलं, हेही. त्यांनी पाटीवरच्या एका डोळ्यावर बोट ठेवलं.

"म्हंजी ती डोळे मिटत नव्हती?"

"मणी मिटत होते."

आम्ही डोळ्यांतले काळे मणी एक एक करून काढले. नवे त्यांनीच लावले. पाटीखालच्या कागदावर डोळे आखलेले होते, पण त्यांनी तिकडं बघितलं नाही. त्यांची नजर माझ्याकडं होती, बोटं खाली चालत होती, रांगोळीचे ठिपके घालताना बायका बोलत राहतात तशी.

अडीच वाजता वीज आली. इस्त्री झाली. वर वाटणाचा जड पाटा ठेवला. थंड होईपर्यंत थांबलो. बाहेर म्हातारा खोकत होता, तेवढाच आवाज.

कागद उचलला. डोळे उघडे होते.

राग नव्हता त्यांत, भीतीही नव्हती. काळे ठिपके मात्र मध्यभागी नव्हते. एक ओळ वर आणि एका बाजूला होते.

"कुणाकडं बघून राहिली, अण्णा?"

"तुमच्याकडंच."

"न्हाई." त्या चेहऱ्यासमोर सरळ उभ्या राहिल्या. "माझ्या खांद्यावरनं मागं बघतीय." आणि त्यांनी वळून मागं पाहिलं. मीही पाहिलं. मागं नुसती भिंत होती.

"माझ्या मागं काका होते," त्या म्हणाल्या. "दोराचं टोक त्यांच्याकडं होतं. मी पुढं, ते मागं."

"बाई, मणी तुम्हीच लावलेत," मी कसाबसा बोललो.

"हाव. मीच लावले. मग बोटांना कसं ठाऊक?"



पार्वतम्मा तो चेहरा दोन्ही हातांत धरून ओसरीत गेल्या आणि खाटेपुढं उभ्या राहिल्या.

"काका, टोक कुणाकडं होतं?"

ईश्वरप्पांनी चेहरा पाहिला. आधी हात झटकला, मग तो हात तसाच हवेत राहिला. नजर काही हटेना.

"बिडी पेटवीपर्यंतच सोडलं होतं," ते म्हणाले. "तू होतीस की धरून."

"अकरा वर्षांची होते मी, काका."

 पार्वतम्मांनी ओसरीतल्या भिंतीवरचा जुना कंदील उतरवला आणि त्याच खिळ्याला चेहरा अडकवला, खाटेच्या बरोबर समोर. मग आत जाऊन माझ्यासाठी चहा ठेवला. चहा पिताना त्या दुसरंच काही बोलत होत्या. बालवाडीचं, जूनमध्ये शाळा उघडेल का त्याचं. दोनदा हसल्यासुद्धा. त्यांना इतकं मोकळं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

निघताना ओसरीतून वाकून गेलो. ईश्वरप्पांनी उशी उचलून पायथ्याला नेली होती आणि चेहऱ्याच्या भिंतीकडं पाठ करून पडले होते. मी चपला घालेपर्यंत त्यांनी तीनदा मान वळवून वर पाहिलं.