कासारमाय आणि भुंडे हात

कासारमाय तोंडाकडे बघून बोलत नसे, हाताकडे बघून बोलायची. ओसरीवर टोपली उतरवली की समोरच्या बाईचा हात मांडीवर घ्यायचा, पंजा दाबून मऊ करायचा आणि बांगडी सरकवता सरकवता गोष्टी सांगायच्या. माल खामगावहून आणायची आणि वरवट बकालच्या बाजूची खेडी पायी फिरायची. तुमच्याही गावात अशी एखादी असेलच.

कोणाला दिवस गेले हे तिला नवऱ्याच्या आधी कळतं, असं बाया म्हणायच्या. तेव्हा पाचवा लागेपर्यंत कोणी उघड बोलत नसे. तीही बोलायची नाही. हळूच म्हणायची, "सरकारी दवाखान्यात नर्सबाई हाये. तपासते, बाळंतपण करते, पैसा घेत नाही. जाऊन ये, माय."

पैसा घेत नाही, तिथंच तर घोडं अडायचं. फुकटाचं औषध कसलं, असं बायांना वाटे. आणि आमच्यासारख्या शेतीवाडीच्या घरात तर सून तिथं पाठवणं म्हणजे नाक कापलं जाणं.

मला आई नव्हती, म्हणून माझं पहिलं बाळंतपण सासरीच ठरलं. आठव्यात पाय सुजले, डोकं ठणकायचं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. सासूबाई म्हणायच्या, "पहिलटकरणीले होतेच." मग एक दिवस हिरवा चुडा भरायला त्यांनी कासारमायला बोलावलं. तिनं माझ्या हातावर अंगठा दाबला. खड्डा पडला तो पडलाच. तिनं रुतलेल्या जुन्या बांगड्या एकेक करून वाढवल्या आणि टोपली झाकली.

"काऊन वं, चुडा भर ना," सासूबाई म्हणाल्या.

"हात सुजला, पाटलीणबाई. नर्सबाईले दाखवा, सूज उतरली का भरून देतो."

"मोठ्या मापाच्या भर."

"नाहीत माह्यापाशी."

होत्या. झाकण्याआधी मला टोपलीत दिसल्या होत्या.

"सवाशिणीले भुंड्या हातानं ठेवतं का वं?"

"म्हणूनच म्हंतो, आजच न्या."

"धर्माच्या दवाखान्यात?"

"धर्माचा कसा? शेतसारा भरता ना सरकारले? मंग तुमचाच हाये."

माझ्या डोकेदुखीसाठी जी बैलगाडी जुंपली नव्हती, ती भुंड्या हातांसाठी जुंपली. नर्सबाईनं रक्तदाब पाहिला आणि मला घरी जाऊच दिलं नाही. मुलगी तिथंच झाली. झटका आला असता तर दोघीही गेलो असतो, असं तिनं मागून सांगितलं.

सासूबाईंनी नातीचे लाड केले, पण कासारमायला पुन्हा ओसरी चढू दिली नाही. मोठ्या घरानं बंद केलं म्हणून आणखी काही घरांनी तिला बंद केलं. ती आमच्या गल्लीतून आरोळी न देता जायची.

पुढं एकदा बाजारात भेटली. मी म्हटलं, "माह्यापायी तुही घरं गेली."

"तुह्या सासूचं चूक नाही. सवाशिणीचे हात मोकळे ठेवले म्या, कासारणीनं असं करू नाही." मग म्हणाली, "तुह्या जावेले सातवा लागला म्हंतात. तिचे हात कोण पाह्यते आता?"

"मी पाह्यतो," मी म्हटलं.

जावेला मीच नेलं. गड्याला गाडी जुंपायला मात्र सासूबाईंनीच सांगितलं.