आमच्या टीव्हीपुढचा वाद

चार माणसं जमली आणि कुणी विचारलं की आजवरची सगळ्यांत मोठी मालिका कोणती, की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते. लोकांना वाटतं मला टीव्हीचा तिटकारा आहे. तसं नाही. हा वाद मी आमच्याच घरात इतके रविवार ऐकलाय, की विषय निघाला तरी तोंडाची चव जाते.

आम्ही कांदिवलीला दुसऱ्या मजल्यावर राहायचो. बाबा मूळचे जालन्याकडचे, टेलिफोन दुरुस्तीच्या कामावर होते. आई दवाखान्यात नर्स. मी कॉलेजात शेवटच्या वर्षाला. बिल्डिंगमध्ये बहुतेक घरं कोकणातली. गिरण्या बंद पडल्यावर कुणी रिक्षा घेतली होती, कुणी वॉचमनची नोकरी धरली होती. आम्ही बौद्ध, त्या बिल्डिंगमध्ये एकटेच. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी कधी बोलून दाखवत नव्हतं. बाबांना हे न बोलणं म्हणजेच मोठी सुधारणा वाटायची.

मग आमच्याकडे कलर टीव्ही आला. काळेपांढरे टीव्ही बिल्डिंगमध्ये होते, पण रविवारी सकाळची पौराणिक मालिका सुरू झाली आणि देवांचे मुकुट, शेले, दागिने रंगात बघायची सगळ्यांना ओढ लागली. सोसायटीचे सेक्रेटरी बाबांना जिन्यात गाठून म्हणाले, "तुमच्याकडे बसू ना सगळे? तेवढाच एकोपा." बाबा इतके खूश झाले की त्यांनी शनिवारी स्वतः हॉल झाडला आणि शेजारून दोन सतरंज्या मागून आणल्या.

पहिल्या रविवारी हॉल गच्च भरला. सेक्रेटरींच्या बायकोने टीव्हीला हार घातला, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली बसून लोकांनी हात जोडले. मालिका संपल्यावर आईने सगळ्यांना चहा केला. आमच्याकडे एवढे कप नव्हते, म्हणून काहींना स्टीलच्या पेल्यांत. ट्रे फिरला आणि जसाच्या तसा परत आला. सेक्रेटरी म्हणाले, "आत्ताच घेतला." त्यांच्या बायकोचा उपास होता. समोरच्या ब्लॉकमधल्या मालवणच्या काकू म्हणाल्या, "माका पित्त होता गो, चाय नको." एकेकाने काहीतरी सांगितलं. आई कप स्वयंपाकघरात घेऊन आली तोवर प्रत्येक कपावर साय धरली होती, सुरकुतलेली, पिवळट. तिने एकेक कप मोरीत ओतला. मी म्हटलं, "अगं, आपण पिऊ की." ती म्हणाली, "मला नको. तुला हवा तर घे." मलाही तो घेववेना.

चहा नको असला तरी उठायचं मात्र कुणालाच नसायचं. मग वाद सुरू व्हायचा. तिसऱ्या मजल्यावरचा एक तरुण कारकून होता, त्याच्या मते गुन्हे शोधणाऱ्या पोलिसांची मालिका सगळ्यांत मोठी, कारण तिच्यात डोकं लागतं. मालवणच्या काकूंना एका मोठ्या कुटुंबाची रडारड आवडायची. बाबा शुक्रवारच्या विनोदी मालिकेच्या बाजूचे. "दिवसभर खांबावर चढून आलेल्या माणसाला हसवते, ती मोठी," असं ते म्हणायचे, आणि कुणीतरी आपलं म्हणणं ऐकतंय म्हणून त्यांचे कान लाल व्हायचे. शेवटी सेक्रेटरी हात वर करायचे. "हे सगळं टाइमपास आहे हो. रविवारची मालिका ती मालिका. अशी परत होणार नाही." मग वाद मिटायचा. देवापुढे पोलीस काय आणि विनोद काय.

असे पुष्कळ रविवार गेले. आई चहा करायची थांबली. लोक गेले की ती फिनेल टाकून सगळा हॉल पुसायची, अगदी उंबऱ्यापर्यंत. मला वाटायचं, एवढी माणसं येतात, पायांची घाण होत असेल.

एका रविवारी मी आतून पाण्याचा जग घ्यायला हॉलमध्ये आले. लोक अजून यायचे होते. सेक्रेटरींची बायको एकटीच टीव्हीसमोर होती. तिच्या हातात औषधाची छोटी बाटली होती. बोटं बुडवून ती टीव्हीवर शिंपडत होती, मग सतरंजीवर, मग उंबऱ्यावर. वास आला तेव्हा मला कळलं की ते गोमूत्र आहे.

"काकू, हे काय करताय?"

ती दचकली नाही, याचंच मला जास्त वाटलं. "शुद्ध करतेय गं. देव येतात ना इथे." आणि माझ्याकडे बघून हसली, आपल्या माणसाकडे बघून हसतात तशी. "तू मनाला लावून घेऊ नकोस. रीत असते एकेक."

मी स्वयंपाकघरात गेले. आईला सांगितलं, तर ती कांदा चिरायची थांबलीसुद्धा नाही.

"माहिताय मला," ती म्हणाली. "पहिल्या रविवारपासून."

"आणि तू गप्प बसलीस?"

"तुझ्या बाबांना माहीत नाहीये. त्यांना हे रविवार आवडतात."

त्या दिवशी मी मालिका पाहिली नाही, दारातून माणसं पाहिली. शिंपडलेल्या सतरंजीवर मांडी घालून, डोळे पाणावून, छातीशी हात धरून बसलेली माणसं. एका प्रसंगाला मालवणच्या काकूंनी पदराने डोळे टिपले. मला शिसारी आली.

मालिका संपली, वाद सुरू झाला. कारकुनाने पोलिसांची बाजू लावून धरली, तर सेक्रेटरी रंगात आले. म्हणाले, "तुमच्या पोलिसांनी माणसं जोडली का? या मालिकेने जोडली. बघा ना, जातपात विसरून सगळे एका घरात बसतो की नाही? म्हणून ही सगळ्यांत मोठी." बाबांनी मान डोलावली.

मी म्हटलं, "मग चहा टाकते. घ्याल ना?"

सेक्रेटरी हसले. "अगं, वाद मालिकेचा चाललाय, चहा कुठून आला मधेच?"

"आणि बाटलीत काय आणता, तेही सांगा बाबांना."

सेक्रेटरींच्या बायकोने पिशवी जवळ ओढली. बाबा माझ्याकडे बघत होते, मग तिच्याकडे, मग पिशवीकडे. त्यांना कळलं. मला वाटलं आता ते उठतील, काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "तू आत जा. मोठ्यांमध्ये बोलू नये." आणि सेक्रेटरींना म्हणाले, "लहान आहे हो अजून."

मी आत गेले. त्या दिवशी सगळ्यांत जास्त किळस मला बाबांची आली.

पुढच्या रविवारी आईने सकाळीच दाराला आतून कडी घातली. दार वाजलं. बाहेरून सेक्रेटरींचा आवाज आला, "अहो, उघडा, सुरू होईल आता." आईने बाबांकडे पाहिलं नाही. दाराजवळ जाऊन शांतपणे म्हणाली, "आजपासून आमच्याकडे बसता येणार नाही." बाहेर कुजबुज झाली, चपला जिन्यावरून खाली गेल्या. बाबा तो पूर्ण वेळ पेपर धरून बसले होते.

दिवाळीच्या आत सेक्रेटरींनी आमच्यापेक्षा मोठा कलर टीव्ही घेतला. बिल्डिंग तिकडे जाऊ लागली. जिन्यात भेटलं की लोक पूर्वीसारखेच हसायचे, जणू काही झालंच नाही. एका रविवारी बाबाही इस्त्रीचा शर्ट घालून निघाले. आई म्हणाली, "जाऊ नका." ते म्हणाले, "दुरावा धरून कसं चालेल?" आणि गेले.

अर्ध्या मालिकेत ते परत आले. आत जागा नाही, असं सांगून त्यांना बाहेर गॅलरीत उभं केलं होतं. त्यांच्यामागून आलेल्या दोघांना मात्र आत घेतलं. हे आम्हाला पुढे कारकुनाकडून कळलं. बाबा एवढंच म्हणाले, "खिडकीतून नीट दिसत नाही."

आईने त्यांच्यापुढे पोह्यांची ताटली ठेवली. त्यांनी ते सावकाश, खाली मान घालून खाल्ले. टीव्ही लावू का, असं मी विचारलं, तर नको म्हणाले. त्यानंतर ते कधी कुठल्या मालिकेच्या बाजूने बोलले नाहीत. ऑफिसातली माणसं घरी आली आणि विषय निघाला, तर म्हणायचे, "आम्ही बघत नाही हो फारसं." शुक्रवारची विनोदी मालिका लागली की मी त्यांच्याकडे बघायचे. ते बघायचे, पण हसायचे नाहीत.